झोपेची गोळी की तेलाची वाटी?

“डॉक्टर, बाकी काही तक्रार नाही, फक्त झोपेची एखादी गोळी लिहून द्या.” रक्तदाब मोजून झाला, औषधांची चिठ्ठी हातात आली, की खुर्चीवरून उठता उठता केलेली ही मागणी कोणत्याही गावच्या दवाखान्यात रोज ऐकू येते. मागणारे बहुधा साठीच्या पुढचे असतात. शेजाऱ्याला लागू पडलेल्या गोळीचे नाव कुणी कागदावर लिहून आणलेले असते, तर कुणी दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी जपून ठेवलेली असते.

झोपेची गोळी म्हणजे विष नव्हे. घरात मृत्यू झाला, मोठी शस्त्रक्रिया झाली, अशा वेळी डॉक्टरांनी थोडे दिवस ती दिली तर त्यात काही गैर नाही. पण अल्प्राझोलॅम, डायझेपाम या जातीच्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर शरीर त्यांना सरावते. पहिली मात्रा पुरेनाशी होते आणि एखाद्या दिवशी गोळी चुकली की झोप पूर्वीपेक्षाही बिघडते. वयस्कर माणसांच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. रात्री दोन वाजता लघवीला उठावे, गुंगीत तोल जावा आणि न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडावे, असे प्रकार वरचेवर घडतात. आदल्या दिवसापर्यंत बाजारहाट करणारा माणूस त्या एका पडण्याने अंथरुणाला खिळतो.

म्हणून गोळीकडे वळण्यापूर्वी घरातल्या एका साध्या साधनाचा विचार करायला हवा. ते म्हणजे निजण्यापूर्वीची तेलाची मालिश. ती काय करू शकते, कुठे कमी पडते आणि कशी करावी, हे आज पाहू.

झोप येते तेव्हा शरीरात काय होते?

झोप म्हणजे दिवा मालवावा तशी एका क्षणात घडणारी गोष्ट नाही. शरीर तिची तयारी तास-दीड तास आधीपासून करू लागते. नाडी मंदावते, श्वास सावकाश होतो, स्नायू सैल पडतात. पोटातले आणि मेंदूतले तापमान थोडे उतरू लागते. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीर हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंद करते. तेथे रक्त अधिक येते आणि तळहात, तळपाय उबदार होतात. पेंगुळलेल्या लहान मुलाचे तळवे हातात धरून पाहा, ते गरम लागतात. त्यामागचे कारण हेच.

झोप लागल्यावर साधारण दीड-दीड तासाची आवर्तने सुरू होतात. प्रत्येक आवर्तनात हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप अशा पायऱ्या असतात. रात्रभरात अशी चार-पाच आवर्तने होतात. वय वाढते तसा गाढ झोपेचा भाग कमी होत जातो. त्यामुळे साठीनंतर रात्रीतून एक-दोनदा जाग येणे हा आजार नाही. पुन्हा झोप लागत असेल आणि सकाळी ताजेतवाने वाटत असेल तर काळजीचे कारण नाही. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप बिघडते, दिवसाच्या कामावर त्याचा परिणाम होतो आणि हे तीन महिने चालू राहते, तेव्हा त्याला जुना निद्रानाश म्हणतात.

मालिशीने नेमके काय साधते?

पहिली गोष्ट पायांच्या उबेची. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संशोधकांनी १९९९ साली असे दाखवून दिले, की ज्यांच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या निजण्याच्या वेळी चांगल्या रुंदावलेल्या असतात, त्यांना झोप लवकर लागते. पाय गारठलेले असतील तर माणूस कूस बदलत राहतो, हा थंडीच्या दिवसांतला अनुभव प्रत्येकाचा आहे. तळपाय आणि पोटऱ्या चोळल्या की तेथे रक्त येते, ऊब येते आणि शरीराच्या चालू असलेल्या तयारीला हातभार लागतो.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. आपल्या त्वचेत, विशेषतः जेथे बारीक लव असते त्या पाठ, हात, पोटऱ्या अशा भागांत, सावकाश फिरणारा मऊ स्पर्श टिपणारे खास मज्जातंतू असतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर एवढ्या संथ गतीने फिरणाऱ्या हाताला ते उत्तम प्रतिसाद देतात. आई मुलाच्या पाठीवरून ज्या गतीने हात फिरवते, जवळजवळ तीच ही गती. या संदेशाने मनाला सुरक्षित आणि निवांत वाटते. म्हणून झोपेसाठीची मालिश पहिलवानाच्या मालिशीसारखी जोरकस नसावी. जोराने चोळले, थापटले तर शरीर उलट जागे होते.

तिसरी गोष्ट दुखण्याची. दिवसभर शेतात वाकून काम केलेली बाई, एस.टी.चा चालक, शिलाई मशीनवर बसणारा शिंपी यांची झोप पुष्कळदा मानेच्या, कमरेच्या आणि पायांच्या ठणक्याने मोडते. आखडलेले स्नायू सैल झाले की ठणका कमी होतो आणि झोपेतला एक अडथळा दूर होतो.

चौथी गोष्ट सवयीची, आणि ती लहान समजू नये. रोज ठरावीक वेळी दिवा मंद केला, दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद केला, तेलाची वाटी घेतली आणि पंधरा मिनिटे शांत बसले, तर काही दिवसांत शरीर ही खूण ओळखू लागते. वाटी समोर आली की आता निजायचे, हे त्याला कळते.

काही समजुती मात्र सोडून द्यायला हव्यात. मालिशीने ‘शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडतात’ असे सांगितले जाते, त्याला आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. मालिशीने रक्तातील ताणाचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात घटते, असेही पूर्वी सांगितले जाई. २०११ साली अनेक अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा हा परिणाम अगदी किरकोळ आढळला. म्हणजे मालिशीने बरे वाटते हे खरे, पण त्यासाठी मोठमोठे दावे करण्याची गरज नाही.

जुने शास्त्र आणि आपली घरे

आयुर्वेदाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात झोप आणणाऱ्या उपायांत अभ्यंगाला, म्हणजे तेल लावून अंग चोळण्याला, स्थान दिले आहे. तेलाने जसे मडके, चामडे आणि गाडीचा आस टिकतो तसे शरीर टिकते, असा दाखलाही त्याच ग्रंथात येतो. वाग्भटाने अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करावा असे सांगून डोके, कान आणि पाय यांवर विशेष भर दिला. त्याचबरोबर अजीर्ण झालेल्याने आणि कफाचा विकार असलेल्याने अभ्यंग टाळावा, असा इशाराही दिला. उपाय सांगताना तो कोणी करू नये हेही सांगणे, ही त्या शास्त्रकारांची शिस्त आजही घेण्याजोगी आहे.

आपल्या घरांत हे ज्ञान पुस्तकाशिवायच टिकले. बाळाला तेल लावून न्हाऊ घातले की ते दोन-तीन तास गाढ झोपते, हे प्रत्येक आजीला ठाऊक असते. बाळंतिणीचे अंग चोळण्याची पद्धत कित्येक घरांत अजून आहे. दिवाळीत सगळ्यांना अभ्यंगस्नान असते. मात्र बाळपण आणि बाळंतपण सरले की वर्षातून त्या एका पहाटेपुरतेच तेल अंगाला लागते. ज्या वयात झोप खरोखर उणी पडू लागते, त्या वयात कुणी पायाला हात लावणारे उरत नाही.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदयविकारासाठी अतिदक्षता विभागात असलेल्या ६९ वयस्कर पुरुषांचे तीन गट केले होते. एका गटाला रात्री फक्त सहा मिनिटे पाठीची मालिश दिली, दुसऱ्याला शरीर सैल सोडण्याची रीत शिकवून ध्वनिफीत ऐकवली आणि तिसऱ्याला नेहमीची शुश्रूषा दिली. मालिश मिळालेले रुग्ण नेहमीच्या शुश्रूषेतील रुग्णांपेक्षा सरासरी एक तासाहून अधिक झोपले. पण गटांतील रुग्णांची संख्या समान करून पुन्हा विश्लेषण केले तेव्हा हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही, हेही सांगायला हवे.

मायामी विद्यापीठात १९९२ साली स्पर्शाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था सुरू झाली. तेथील टिफनी फील्ड यांनी सर्वांगाचे स्नायू सतत दुखण्याच्या विकाराचे रुग्ण घेतले आणि मालिशीची तुलना शरीर सैल सोडण्याच्या व्यायामाशी केली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मालिश घेणाऱ्यांची झोप वाढली आणि दुखणे कमी झाले.

असे अभ्यास बरेच आहेत, पण बहुतेकांत रुग्णांची संख्या थोडी असते. शिवाय मालिश मिळते आहे हे रुग्णाला माहीत असते, ते लपवता येत नाही. म्हणून प्रामाणिक निष्कर्ष असा काढावा लागतो, की दुखणे, मनावरचा ताण किंवा आजारपण यांमुळे झोप बिघडली असेल तर मालिशीने बऱ्याच जणांना मदत होते. ती निद्रानाशाचा रामबाण इलाज नव्हे. जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून अमेरिकेतील फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार बदलण्याची समुपदेशन पद्धत सुचवली, गोळी नव्हे.

घरी कशी करावी?

वेळ : रात्रीच्या जेवणानंतर निदान तास-दीड तासाने, निजण्याच्या अगदी आधी.

तेल : थंडीत तिळाचे, उन्हाळ्यात खोबरेल. घरात जे असेल ते चालते, महागडे सुगंधी तेल लागत नाही. दोन्ही पायांना मिळून दोन चमचे पुरतात. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावी, थेट विस्तवावर ठेवू नये. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहावा. तेथे चटका जाणवता कामा नये.

१. पाय कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावेत. पलंगावर जुनी चादर किंवा टॉवेल अंथरावा.

२. तळपायाला तेल लावून अंगठ्याने टाचेकडून बोटांकडे सावकाश दाबत जावे. टाच आणि चवड्याचा भाग थोडा अधिक चोळावा. प्रत्येक बोट हलके ओढावे. एका पायाला चार-पाच मिनिटे द्यावीत.

३. घोट्यापासून गुडघ्याकडे, म्हणजे खालून वर, पोटरीवरून पूर्ण तळवा फिरवावा. दाब असा असावा की बरे वाटेल, दुखणार नाही.

४. मानेचा मागचा भाग आणि खांदे बोटांच्या पेरांनी गोल गोल चोळावेत. शेवटी टाळूवर आणि कपाळावर दोन मिनिटे हलका हात फिरवावा.

५. मालिश चालू असताना गप्पा, हिशेब, घरातले वाद नकोत.

६. तळपायाचे तेल फडक्याने नीट पुसून टाकावे आणि सुती मोजे घालावेत. हे विसरू नये. तेलकट पायाने फरशीवर चालणे म्हणजे पडण्याला आमंत्रण. झोप मिळवण्याच्या नादात खुबा मोडायला नको.

एकट्या राहणाऱ्यांनी खुर्चीवर बसून एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा आणि स्वतःच चोळावा. गुडघा वाकत नसेल तर एखादा चेंडू जमिनीवर ठेवून, खुर्चीत बसल्या बसल्या, कोरड्या तळपायाखाली फिरवावा. तेही जमत नसेल तर निजण्याच्या तास-दोन तास आधी कोमट पाण्याने दहा मिनिटे स्नान करावे. २०१९ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा अशा स्नानाने झोप सरासरी दहा मिनिटे लवकर लागते असे दिसले.

काशाची वाटी

आपल्याकडे काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची रीत आहे. गावोगावच्या जत्रांतून आणि आता शहरांतल्या दुकानांतूनही यंत्रावर फिरणाऱ्या काशाच्या थाळ्या आल्या आहेत. घासता घासता तळपाय काळा होतो आणि ‘बघा, अंगातली उष्णता निघाली’ असे सांगितले जाते. काशे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. तेल किंवा तूप लावून तो त्वचेवर घासला की धातूचे सूक्ष्म कण तेलात मिसळतात आणि काळपटपणा येतो. उष्णता निघाली याचा तो पुरावा नाही. वाटीचा गुळगुळीत, समान दाब मात्र सुखावह असतो. म्हणून वाटीने चोळायला हरकत नाही, फक्त काळ्या रंगावर भरवसा ठेवू नये आणि त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

मालिश कोणी करू नये?

एकच पाय सुजला आहे, पोटरी दुखते आणि हाताला गरम लागते, अशा वेळी मालिश मुळीच करू नये. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

ताप, डेंग्यूसारखा आजार, उघडी जखम, गळू, नायटा, नुकतेच मोडलेले हाड असेल तर मालिश टाळावी. फुगलेल्या निळ्या शिरांवर दाब देऊ नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणारे, कर्करोगाचे उपचार घेणारे आणि गरोदर स्त्रिया यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

मधुमेहींनी विशेष जपावे. पायांची संवेदना कमी झालेली असेल तर तेल किती गरम आहे हे त्यांना कळत नाही. तेल दुसऱ्याने तपासावे, बोटांच्या बेचक्यांत तेल राहू देऊ नये, आणि चोळताना तळपायावर भेग, फोड, जखम आहे का हे पाहावे. या निमित्ताने रोज पाय तपासला जातो, हाही एक फायदाच.

केस कापून झाल्यावर मान एका हिसक्यात वळवून ‘कट’ असा आवाज काढून घेण्याची हौस पुष्कळांना असते. ती सोडावी. अशा हिसक्याने मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन अर्धांगवायू झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

मालिश पुरणार नाही तेव्हा

काही वेळा झोप न येणे हे दुसऱ्या आजाराचे लक्षण असते. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडकून दचकून उठणे आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे, ही झोपेत श्वास थांबण्याच्या विकाराची लक्षणे आहेत. अशा माणसाला झोपेची गोळी आणखी घातक ठरू शकते. रात्री पाय वळवळतात, हलवल्याशिवाय राहवत नाही, ही तक्रार कधी कधी शरीरातील लोह कमी झाल्याने येते. त्यासाठी रक्त तपासावे. वारंवार लघवीला उठावे लागत असेल तर साखर आणि पुरुषांनी प्रोस्टेट ग्रंथी तपासून घ्यावी. पहाटे तीन-चारला जाग येते, मन खिन्न होते, कशातच गोडी वाटत नाही, जगणे नकोसे वाटते, असे असेल तर ते नैराश्य असू शकते. तेथे तेलाच्या वाटीवर वेळ घालवू नये, डॉक्टरांकडे जावे.

कारण पुष्कळदा घरातच सापडते. संध्याकाळी पाचनंतरचा चहा, रात्रीची तंबाखू किंवा मशेरी, दुपारची दोन तासांची झोप, उशाशी मोबाईल. चहा-कॉफीतील कॅफिन निम्मे उतरायलाच सुमारे पाच तास लागतात. तंबाखूतील निकोटिन मेंदूला जागे ठेवते. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. या सवयी तशाच ठेवून पाय चोळत बसलात तर गुण येणार नाही.

ज्यांना गोळी चालू आहे

हा लेख वाचून कुणीही आज रात्रीपासून गोळी बंद करू नये. पुष्कळ दिवसांची गोळी एकदम सोडली तर बेचैनी, घाम, थरथर आणि क्वचित फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू, आठवड्या-आठवड्याने उतरवावी लागते. उतरवण्याच्या या काळात मालिशीची सवय चांगली सोबत करते. जुन्या चिठ्ठीवर किंवा चिठ्ठीशिवाय या गोळ्या आणू नयेत. औषध दुकानदाराला त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवण्याचे कायद्याचे बंधन आहे, ते उगाच नाही.

दोन आठवडे करून पाहा

एक साधी वही करा. किती वाजता निजलात, अंदाजे केव्हा झोप लागली, किती वेळा जाग आली आणि सकाळी कसे वाटले, एवढ्या चार गोष्टी रोज सकाळी लिहा. घड्याळाकडे रात्री पाहू नका, अंदाज पुरे. पहिला आठवडा काहीच न बदलता नुसते लिहा. पुढचे दोन आठवडे रोज मालिश करा, संध्याकाळचा चहा सोडा आणि उठण्याची वेळ एकच ठेवा. मग वही उघडून तुलना करा. फरक पडला असेल तर चालू ठेवा. पडला नसेल तर तीच वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ‘झोप येत नाही’ या तीन शब्दांपेक्षा तिचा त्यांना कितीतरी अधिक उपयोग होईल.

घरात आई, वडील, सासू, सासरे असतील तर त्यांच्या पायाला तेल लावण्याचे काम मुलाने, सुनेने, नातवंडांनी वाटून घ्यावे. ते एकट्या सुनेवर टाकू नये. दहा मिनिटांचे काम आहे. म्हाताऱ्या माणसाला दिवसभरात कुणाच्या हाताचा स्पर्श किती वेळा होतो, हे मोजून पाहिले तर पुष्कळ घरांत उत्तर शून्य येईल. झोप सुधारली तर उत्तमच. नाही सुधारली तरी पायावरची सूज, टाचेची भेग, बोटातली जखम वेळीच नजरेस पडेल, आणि दिवसभर मनात राहिलेली एखादी तक्रार त्या दहा मिनिटांनंतर आपोआप सांगितली जाईल.